फ्लॉप हुकला आणि समोरचा काही पॅक करत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोकरमधला नो-लिमिट होल्डम हा प्रकार (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच: आधी फ्लॉपची तीन, मग टर्नचं एक, शेवटी रिव्हरचं एक) शिकताना बहुतेकांना पहिला धक्का इथे बसतो. व्हिडिओत बघितलेला ब्लफ टेबलावर मारावा, तर समोरचा तिसरी जोडी (फ्लॉपच्या सगळ्यात छोट्या पानाशी लागलेली) घेऊन शांतपणे कॉल करतो, म्हणजे तेवढेच पैसे भरतो, आणि पॉट (मध्ये जमलेले पैसे) घेऊन जातो. खालची सगळी उत्तरं अशा टेबलासाठी आहेत. उदाहरणांत ब्लाइंड (डावाआधी स्मॉल आणि बिग ब्लाइंड या दोन जागांनी भरायचे सक्तीचे पैसे) १००-२०० धरले आहेत आणि हिशेबात रेक (पॉटमधून खेळ चालवणारा घेतो तो वाटा) धरलेला नाही. रेक धरला तर ब्लफचे आकडे आणखी वाईट होतात, चांगले होत नाहीत.

माझाच फ्लॉप इतक्या वेळा का हुकतो?

सगळ्यांचाच हुकतो. हातात जोडी नसेल तर फ्लॉपच्या तीन पानांत निदान एक जोडी लागण्याची शक्यता जेमतेम ३२ टक्के असते. म्हणजे तीनातून दोनदा काही लागत नाही. एक्का-राजा हातात आहे म्हणून हा आकडा वाढत नाही. फरक इतकाच, की लागलं तर चांगलं लागतं.

सलग पाच वेळा हुकणं ही गोष्ट सातातून एकदा घडते. एका संध्याकाळी तुम्ही पंचवीस-तीस वेळा रेझ करत (बेट वाढवत) असाल, तर अशी एखादी साखळी येणारच. त्यावर डीलर बदलून मागणं, जागा बदलणं, नवा कॅट मागणं वगैरे उपाय लोक करतात. करू द्या.

हातात छोटी जोडी असेल, समजा छक्की-छक्की, तर फ्लॉपला तिसरी छक्की (किंवा त्याहून मोठं काही) येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळांतून एकदा. फ्लॉप गुलाम-नव्वी-तिर्री आला, तर छक्क्यांचाही फ्लॉप हुकलाच म्हणायचा. पुढे उरलेले दोन आऊट्स (हात सुधारणारी पानं) टर्नला चार टक्क्यांच्या आसपास येतात. जोडी दिसते म्हणून लोक इथे उगाच अडकून बसतात.

मग सगळे सी-बेट करायला का सांगतात?

कारण समोरच्याचाही फ्लॉप तीनातून दोनदा हुकतो. फ्लॉपआधी रेझ तुम्ही केला होता, तेव्हा फ्लॉपवरही बेट लावायची, हीच सी-बेट. ज्याला काही लागलं नाही तो पॅक (फोल्ड) करेल, पॉट तुमचा. पॉटच्या एक तृतीयांश बेटला २५ टक्के वेळा फोल्ड मिळाले तरी नुकसान नाही. अर्ध्या पॉटला ३३ टक्के, दोन तृतीयांशला ४० आणि पूर्ण पॉटला ५० टक्के लागतात.

हे सगळं एका गृहीतकावर उभं आहे: काही लागलं नाही की माणूस पॅक करतो. ज्याला काही लागलं नाही हेच मान्य नसतं, ज्याच्या लेखी हातातला एक्का म्हणजे ‘काहीतरी’, दुर्रीची जोडी म्हणजे ‘चांगलंच काहीतरी’, त्याच्यापुढे हे गृहीतक कोसळतं. आणि आपल्याकडच्या टेबलांवर असे लोक भरपूर. गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळून वाढलेला माणूस चाल देऊन शो मागायला शिकलेला असतो. त्याला होल्डममध्येही शोच बघायचा असतो. त्याचा कॉल हा हिशेब नसतो, कुतूहल असतं.

समोर दोन-तीन जण असले तर सी-बेट करू का?

इथे थोडं थांबून हिशेब करू, कारण जास्तीत जास्त पैसे इथेच जातात.

दोघांनी लिंप केलं, म्हणजे रेझ न करता नुसते २०० भरून आत आले. तुम्ही बटनवर (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणारी जागा) एक्का-राजा घेऊन १,२०० ला रेझ केलं. ब्लाइंड पॅक, दोन्ही लिंपरनी कॉल केलं. पॉट ३,९००. फ्लॉप गुलाम-अठ्ठी-पंजी, त्यात दोन बदाम, आणि तुमच्याकडे एकही बदाम नाही. दोघांनी चेक केलं, म्हणजे बेट न लावता पाळी पुढे दिली. हात आपोआप चिप्सकडे जातो: २,६०० लावू, दोन तृतीयांश पॉट.

या बेटला ४० टक्के वेळा दोघेही पॅक व्हायला हवेत. एकटा नव्हे, दोघेही. प्रत्येक जण निम्म्या वेळा पॅक करतो असं धरलं (लूज, म्हणजे भरपूर हात खेळणाऱ्या, खेळाडूसाठी हे उदारच झालं), तर दोघे एकदम पॅक होण्याची शक्यता २५ टक्के. मग हिशेब असा: चारातून एकदा ३,९०० मिळतात, तीनदा २,६०० जातात. सरासरी एका बेटमागे ९७५ चा तोटा. हा तोटा भरून काढायला दोघांनीही प्रत्येकी ६३ टक्के वेळा पॅक करायला हवं. गुलाम-अठ्ठी-पंजीवर, दोन बदाम असताना, लिंप-कॉल करणारी माणसं एवढं पॅक करत नाहीत. त्यांच्या हातात दश्शी-नव्वी असते, अठ्ठीबरोबर कुठलंही पान असतं, दोन बदाम असतात.

कॉल मिळाला तरी टर्नला एक्का किंवा राजा येऊ शकतो, त्यामुळे खरा तोटा ९७५ पेक्षा थोडा कमी. पण बदामाचा एक्का आला की त्याच पानाने एखाद्याचा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) होतो. तेव्हा सहाच्या सहा आऊट्स आपले म्हणून मोजू नका.

या जागी चेक करा आणि टर्न फुकट बघा. तुम्ही बटनवर आहात, ही सोय त्यासाठीच आहे. तिघे समोर असतील तर विचारही नको: प्रत्येक जण निम्म्या वेळा पॅक करणारा असला तरी तिघे एकदम पॅक होणं आठातून एकदा घडतं.

लूज खेळाडू सगळे सारखेच का?

अजिबात नाहीत, आणि या अख्ख्या विषयातला कळीचा मुद्दा हाच आहे. फ्लॉपआधी खूप हात खेळणं आणि फ्लॉपनंतर हात न सोडणं या दोन वेगळ्या सवयी आहेत. एकाच माणसात दोन्ही असतील असं नाही.

पहिला प्रकार: फ्लॉप बघायची हौस. गुलाम-चौकट, सत्ती-चौकट, काहीही घेऊन आत येतो, पण फ्लॉप लागला नाही की मुकाट्याने पॅक करतो. टेबल याला लूज म्हणतं, पण सी-बेटसाठी याच्याइतका चांगला गिऱ्हाईक नाही. तो एकटा समोर असेल आणि फ्लॉप राजा-सत्ती-दुर्री असा कोरडा (एकमेकांशी न जुळणाऱ्या पानांचा) असेल, तर एक तृतीयांश पॉट लावा. हातात एक्का-राणी असो की काहीच नसो. त्याने कॉल किंवा रेझ केलं तर थांबा.

दुसरा प्रकार: एकदा बघणारा. फ्लॉपची बेट तो कशावरही कॉल करतो. मधली जोडी, गटशॉट (स्ट्रेटला, म्हणजे ओळीने पाच पानांना, मधलं एक पान कमी), नुसता एक्का, काहीही चालतं. टर्नला मोठी बेट आली की मात्र विचारात पडतो आणि निम्म्याहून जास्त वेळा सोडतो. याच्यापुढे एकच सी-बेट लावून थांबणं हा सगळ्यात वाईट मार्ग. एक तर लावूच नका, नाहीतर दोनदा लावायची तयारी ठेवून लावा. तुम्ही ८०० ला रेझ केलं, फक्त बिग ब्लाइंडने कॉल केलं, तर पॉट १,७००. फ्लॉपला ६०० लावले, कॉल आला, पॉट २,९००. टर्नला २,००० लावले तर ४१ टक्के फोल्ड पुरेसे आहेत. हा गडी त्याहून जास्त देतो.

तिसरा प्रकार: शेवटपर्यंतचा. याला कॉलिंग स्टेशन म्हणतात. कुठलीही जोडी लागली की रिव्हरपर्यंत येणार, बेट कितीही असो. याला ब्लफ मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. फ्लॉप हुकला तर याच्यापुढे एक रुपयाही घालायचा नाही.

पण कोण कुठल्या प्रकारचा, हे ओळखायचं कसं?

शोडाऊन बघा. स्वतः पॅक केलेलं असताना मोबाईल काढू नका, तेव्हाच खरी माहिती मिळते. रिव्हरला कोणी पानं उलटली की तो डाव मागे लावून बघायचा: फ्लॉप काय होता, तेव्हा याच्याकडे काय होतं, बेट किती आली, टर्नला काय झालं. गुलाम-नव्वी-पंजी-राजा-दुर्री अशा बोर्डवर तीन बेट कॉल करून कोणी पंजी-सत्ती दाखवली, तर त्याच्यावरचं संशोधन संपलं. तिसरा प्रकार. पुढचे चार तास तुम्हाला त्याच्याविरुद्ध ब्लफ या शब्दाची गरज नाही.

पॅक करताना पानं दाखवण्याची सवयही लोकांना असते. ‘बघा, राणीची जोडी सोडली’ असं कौतुकाने दाखवणारा दुसऱ्या प्रकारचा. असे फुकटचे तपशील सोडू नका.

तुम्ही चिप्सना हात लावायच्या आधीच ज्याने स्वतःच्या चिप्स कॉलसाठी मोजून हातात घेतल्या आहेत, तो बहुतेक वेळा कॉल करतोच. काही जण तुम्ही बेट लावू नये म्हणूनही तसं करतात. दोन्ही अर्थांनी तो हात सोडायला तयार नाही, आणि हातात काही नसलेल्याला एवढं पुरे.

परदेशात, जिथे ऑनलाइन खेळणं कायदेशीर आहे तिथे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर एकच रकाना आधी बघा: सी-बेटला तो किती टक्के वेळा फोल्ड करतो. तिथे ३० च्या खाली आकडा असेल आणि पुरेसे डाव नोंदलेले असतील, तर अर्ध्या पॉटचा कोरडा ब्लफ गणितातच बसत नाही. किती हात खेळतो हा आकडा सगळे आधी बघतात, पण त्यातून पहिला आणि तिसरा प्रकार वेगळे करता येत नाहीत.

सारखं चेक आणि पॅक करत राहिलो तर सगळे मला दुबळा समजतील ना?

समजू द्या. दुबळा समजून ते काय करतील? पहिले दोन प्रकार कदाचित बेट लावतील, मग तुम्हाला काही लागलेलं असेल तेव्हा त्यांचेच पैसे येतील. तिसऱ्या प्रकारच्या खेळाडूला तुमच्या प्रतिमेशी काही देणंघेणं नसतं. तो फक्त स्वतःची दोन पानं बघतो.

इभ्रतीपोटी मारलेला ब्लफ हा टेबलावरचा सगळ्यात महागडा ब्लफ. ‘तीनदा सोडलं, आता नाही सोडणार’ हे वाक्य मनात आलं की पाणी पिऊन या.

एक्का-राजासारखा हात बेट आल्यावर सोडायचा? ओव्हरकार्डं (फ्लॉपपेक्षा मोठी पानं) आहेत ना!

पुन्हा वरचाच डाव घेऊ. पॉट ३,९००, फ्लॉप गुलाम-अठ्ठी-पंजी, फक्त तिन्ही पानं वेगवेगळ्या रंगांची. या वेळी पहिल्याने १,००० लावले, दुसरा पॅक. तुम्हाला १,००० घालून ४,९०० च्या पॉटमध्ये राहता येतंय, म्हणजे जवळपास पाचास एक. टर्नलाच एक्का किंवा राजा येण्याची शक्यता ४७ पानांत ६, म्हणजे सुमारे १३ टक्के. भाव जवळपास सातास एक. नुसत्या पॉटच्या जोरावर कॉल बसत नाही. तूट साधारण १,९०० ची आहे. पान लागल्यावर पुढच्या दोन बेटमध्ये समोरच्याकडून तेवढे निघतील असं वाटत असेल, तरच कॉल.

मजा अशी, की कॉलिंग स्टेशनकडून तेवढे निघतात. गुलामाची जोडी घेऊन तो एक्का पडल्यावरही पैसे देतो. तेव्हा छोट्या बेटला, बटनवर बसून, एकटा समोर असताना हा कॉल चालतो. पण बेट २,५०० ची असेल, किंवा तुमच्या मागे कोणी बोलायचं बाकी असेल, किंवा बोर्डवर दोन बदाम असून तुमच्याकडे बदामाचं पान नसेल, तर सोडा. एक्का-राजा फ्लॉपआधी राजा असतो, फ्लॉप हुकल्यावर ती नुसती दोन मोठी पानं असतात.

आणि एक अपवाद नसलेला नियम सांगतो: नेहमी कॉल करणारा माणूस अचानक रेझ करतो तेव्हा त्याच्याकडे असतं. वाद घालू नका.

फ्लश किंवा स्ट्रेटचा ड्रॉ असेल तर? तेव्हाही ब्लफ नको?

आता विषय बदलतो, कारण ड्रॉ (एका पानाने अपुरा हात) म्हणजे हुकलेला फ्लॉप नव्हे, अर्धा लागलेला फ्लॉप आहे. आणि इथे कॉल करणारी माणसं चक्क उपयोगी पडतात.

तुमच्याकडे बदामचा एक्का आणि बदामची पंजी. फ्लॉपला दोन बदाम. फ्लशचे नऊ आऊट्स, रिव्हरपर्यंत फ्लश होण्याची शक्यता ३५ टक्के. फ्लॉपला तुम्ही बेट लावलीत आणि तिघांनी कॉल केलं. पॉटमध्ये त्या वेळी आलेल्या पैशांत तुमचा वाटा चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के, आणि जिंकण्याची संधी ३५ च्या आसपास. कोणीही पॅक केलं नाही तरी ही बेट फायद्याची. एकालाही घाबरवायचं नाही, सगळ्यांना आत ठेवायचंय. ब्लफच्या अगदी उलट.

एकानेच कॉल केला तर तुमचा वाटा ५० टक्के होतो आणि मग ही बेट कॉलच्या जोरावर तरत नाही, थोडे फोल्ड हवेतच. म्हणून स्टेशनविरुद्ध एकास एक असताना ड्रॉ घेऊन चेक करून फुकट पान बघणं बरं.

टर्नला गणित पुन्हा फिरतं, हे विसरू नका. एकच पान उरलं की ३५ चे २० टक्क्यांच्याही खाली येतात (४६ पानांत ९). तिघे आत असले तरी आता तुमच्या हिश्शाच्या २५ टक्क्यांपेक्षा ते कमी आहे. फ्लॉपला बिनधास्त बेट, टर्नला बदाम आला नाही तर चेक. लोक नेमकं उलटं करतात, कारण टर्नला त्यांना ‘आता घाबरवून बघू’ असं वाटतं.

ड्रॉ सगळे सारखे नसतात. एक्क्याचा फ्लश ड्रॉ सोनं. बदामाची सत्ती-पंजी असेल तर सावध, कारण लूज खेळाडू कुठलीही दोन बदामं खेळतात आणि तुमचा फ्लश लागून हरण्याचा प्रसंग इथेच येतो. दोन्ही टोकांचा स्ट्रेट ड्रॉ रिव्हरपर्यंत ३१ टक्क्यांच्या थोडा वर. गटशॉट १६-१७ टक्के. नुसत्या गटशॉटवर स्टेशनविरुद्ध बेट लावणं म्हणजे शुद्ध ब्लफच, त्याला वेगळं नाव देऊन उपयोग नाही. फ्लश ड्रॉ आणि वर दोन ओव्हरकार्डं, जसं गुलाम-अठ्ठी-तिर्रीवर बदामचे एक्का-राणी, असे पंधरा आऊट्स जुळले तर रिव्हरपर्यंत त्यातलं एखादं पान येण्याची शक्यता ५४ टक्के होते. त्या हाताने फ्लॉपला कोणाहीविरुद्ध पैसे घाला.

टर्नला एक्का पडला. तो माझ्याकडे नाही, पण आहे असं दाखवू का?

पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराविरुद्ध दाखवा, जमतं. स्टेशनविरुद्ध नाही. भीतीदायक पानाला भिण्यासाठी समोरच्याने ‘याच्याकडे काय असेल’ असा विचार करावा लागतो. तो करत नाही. शिवाय लूज खेळाडूच्या हातात एखादा सुटा एक्का असण्याची शक्यता टेबलावर सगळ्यात जास्त. एक्का पडला की तुम्ही त्याला घाबरवण्याऐवजी त्याचीच जोडी लावून दिलेली असते.

चेक-रेझ ब्लफ (आधी चेक, समोरच्याने बेट लावली की रेझ)?

नाही.

छोट्या बेटला कॉल करतात, मग एकदम मोठी लावली तर?

पॉटच्या दुप्पट लावलीत तर ६७ टक्के फोल्ड लागतात. बेट वाढते तसे त्याचे फोल्ड वाढतीलही, पण त्या वेगाने नाही. आणि जो माणूस तिसरी जोडी सोडत नाही तो ‘एवढी मोठी का लावली? नक्कीच थाप’ असं म्हणून उलट चटकन कॉल करतो. मोठ्या बेटचा हा स्वभाव लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात तो कामाला येतो.

मग पैसे मिळणार तरी कुठून?

लागलेल्या हातातून. ब्लफ सोडणं हा अर्धा भाग. बरेच जण तेवढंच शिकतात, मग अतिसावध होऊन चांगल्या हातावरही चेक करत बसतात आणि ‘लूज टेबल हरवता येत नाही’ म्हणतात.

एकास एक, पॉट १,७००. तुमच्याकडे एक्का-राजा, फ्लॉप राजा-नव्वी-तिर्री. समोर स्टेशन, त्याच्याकडे राजा-दश्शी. नेहमीच्या सवयीने एक तृतीयांश लावत गेलात, तर फ्लॉपला ६००, टर्नला १,०००, रिव्हरला १,६००. मिळाले ३,२००. हेच मोठं लावलं, फ्लॉपला १,३००, टर्नला ३,०००, रिव्हरला ७,०००, तर मिळाले ११,३००. हात तोच, माणूस तोच, पानंही तीच.

फ्लॉप हुकल्यावर रेझचे ८०० सोडून गप्प बसणं आता किती महाग आहे ते बघा. असा एक डाव चौदा हुकलेल्या रेझचा खर्च भरतो. अर्थात तो दर वेळी तिन्ही बेट देणार नाही, आणि अधूनमधून त्याची दश्शीची दुसरी जोडी लागून ११,३०० तुमचेच जातील. तरीही हिशेब तुमच्या बाजूने राहतो, फक्त ८०० च्या जागी दर वेळी तीन-चार हजार उधळले तर तो कोलमडतो.

स्लोप्ले (चांगला हात लपवून चेक करत राहणं) तर मुळीच नको. जो स्वतःहून पैसे द्यायला बसलाय, त्याला फुकट पान का दाखवायचं?

फ्लॉपआधी काही बदलावं का?

हो, बरंच काही. फ्लॉप हुकल्यावर काय, या प्रश्नाचं निम्मं उत्तर फ्लॉपआधीच असतं.

रेझ मोठा करा. दोन लिंपर असतील तर १,२०० ऐवजी १,४००-१,६०० चालतील. कॉल तेच लोक, त्याच हातांनी करणार आहेत. चांगल्या हातावर जास्त पैसे आत गेले पाहिजेत, आणि एखादा पॅक झाला तर फ्लॉपला गर्दी कमी.

पॅक होतील या आशेवर खेळायचे हात काढून टाका. बटनवरून दश्शी-अठ्ठी वेगवेगळ्या रंगांची, राजा-छक्की, असले हात सावध टेबलावर ब्लाइंड चोरायला ठीक असतात. इथे कोणी ब्लाइंड सोडत नाही, फ्लॉप हुकतो आणि हातात काहीच उरत नाही. उलट एक्का-गुलाम, राजा-राणी यांची किंमत इथे वाढते: वरची जोडी लागली की राजा-सत्तीवाला तुमच्या किकरला (जोडीसोबतच्या मोठ्या पानाला) पैसे देतो. त्याच रंगाचं दुसरं पान सोबत असलेला एक्का आणि छोट्या जोड्याही स्वस्तात फ्लॉप बघायला चांगल्या, कारण लागलं की भरभरून मिळतं.

आणि जागा. स्टेशन तुमच्या उजव्या हाताला असेल तर तो आधी बोलतो, मग तुम्ही. जागा रिकामी झाली की उठून बसायला लाजू नका.

सॉल्व्हर (गणिताने आदर्श खेळ काढणारं सॉफ्टवेअर) तर राजा-सत्ती-दुर्रीवर जवळजवळ सगळ्या हातांनी बेट लावतो. तो चुकतोय का?

चुकत नाही, पण तो दुसऱ्याच माणसाशी खेळतोय. सॉल्व्हरच्या समोरचा खेळाडू जिथे पॅक करायला हवं तिथे बरोबर तेवढं पॅक करतो, आणि त्याच फोल्डवर ती छोटी बेट जगते. तुमच्या समोरचा पॅकच करत नसेल, तर ती बेट ज्या पैशातून फायदा काढत होती तो पैसा तिथे नाही. सॉल्व्हरला ‘समोरचा इतकेच फोल्ड करतो’ असं बांधून दिलं, तर तोही ब्लफ बंद करतो आणि चांगल्या हातांवर बेट वाढवतो. समतोल राखायचा असतो तो लक्ष ठेवणाऱ्याविरुद्ध. जो तुमच्याकडे बघतच नाही त्याच्यापासून कसला हात लपवायचा?

समोरचा नुसता कॉल करत नाही, सारखा बेट आणि रेझही करतो. तेव्हा?

तो वेगळा प्राणी. वरचं ‘रेझ आला की सोडा’ त्याला लागू नाही. त्याच्याविरुद्ध हुकलेल्या फ्लॉपवर तुम्ही बेट लावण्याऐवजी चेक करा, आणि एक्का वरचा असेल किंवा मधली जोडी असेल तर एखादी बेट कॉल करा. ब्लफ त्याला मारू द्या. यात चढउतार मोठे असतात. स्टॅकची (तुमच्यापुढच्या चिप्सची) तेवढी तयारी नसेल तर त्याच्या डाव्या हाताला बसून चांगल्या हाताची वाट बघणंही चालतं.

टूर्नामेंटमध्ये हेच लागू का?

सुरुवातीच्या लेव्हल्सना, स्टॅक मोठे असताना, तंतोतंत. पुढे स्टॅक बारा-पंधरा बिग ब्लाइंडवर आला की फ्लॉप खेळण्याचा प्रश्नच फारसा राहत नाही; फ्लॉपआधीच ऑल-इन (सगळ्या चिप्स आत) किंवा पॅक. तिथेही स्टेशन बिग ब्लाइंडला असेल तर कमजोर हाताने ऑल-इन मारू नका, आणि चांगल्या हाताने मारायला कचरू नका. बक्षिसाची रांग जवळ आल्यावर सगळे आखडतात, कॉल करणारा मात्र बहुतेक आखडत नाही. ब्लफ मारायचाच तर त्या वेळी दुसरा कोणी निवडा.

हे सगळं खेळायचं कुठे? ऑनलाइन चालेल का?

भारतात पैसे लावून ऑनलाइन, नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैशाचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे की नशिबाचे हा वाद बाजूला ठेवून बंद केले. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आजही आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का यावर देशातल्या न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच ठरवला. त्यामुळे ‘ओळखीच्यांचा क्लब आहे, काही होत नाही’ यावर विसंबू नका. गोव्यात परवाना असलेल्या कॅसिनोत, पणजीजवळ मांडवीतल्या बोटींवर वगैरे, खेळता येतं. तिथली टेबलं सुट्टीवर आलेल्या लोकांनी भरलेली असतात आणि सुट्टीवरचा माणूस पॅक करायला आलेला नसतो. वरची उत्तरं तिथे चांगली लागू पडतात. रेकची कमाल मर्यादा किती, हे बसण्याआधी विचारून घ्या. छोट्या पॉटमध्ये तोच सगळा फायदा खाऊन टाकतो.

फुकट चिप्सच्या अ‍ॅपवर सराव करावा का असं विचाराल, तर कॉलिंग स्टेशन ओळखायला उत्तम जागा. बाकी काही शिकायला मिळत नाही.

रिव्हरपर्यंत सगळं चेक-चेक झालं. माझ्याकडे नुसता एक्का. पानं टाकून देऊ का?

मुळीच नाही. लूज माणसाच्या हातात हुकलेले ड्रॉ आणि राजा-पंजीसारखे हात भरपूर असतात. एकास एक डावात कोणीच बेट लावलेली नसेल तर नुसता एक्का बऱ्याच वेळा जिंकतो. रिव्हरला बेट झालेली नसली की साधारणपणे आधी बोलायची पाळी ज्याची, त्याने आधी पानं दाखवायची. तुम्ही बटनवर असाल तर थांबा, त्याला उलटू द्या. तुमची पाळी असेल तर सरळ दाखवा, लाजण्यासारखं त्यात काही नाही. आणि तो जिंकला तर त्याने काय घेऊन काय काय कॉल केलं होतं ते बघून ठेवा. पुढचा डाव पिसला जाईपर्यंत तेवढा वेळ मिळतो.